मोरपंखीतलं भगदाड

माझे भाऊजी नोकरीत असताना वजनमापं तपासायचे. बाजारात त्यांची जीप शिरली की दुकानदार घाईघाईने तराजूची पारडी पुसायला लागायचे. भाऊजी एकेका दुकानापुढे थांबायचे, चष्मा नाकावर खाली ओढायचे आणि समोरच्याकडे अशा नजरेने बघायचे की ज्याचं माप बरोबर होतं त्यालाही आपण चोर आहोत असं वाटावं. पाठीमागे सगळे त्यांना ‘तराजू’ म्हणत. हे भाऊजींच्या कानावर गेलं तेव्हा ते चक्क खूश झाले. थट्टा आणि कौतुक यांतला फरक ओळखायचं माप त्यांच्या पेटीत नव्हतं.

रिटायर झाल्यावर ती तपासणी घरी आली. माझी थोरली बहीण चहात साखर किती घालते, नळ किती वेळ सोडून ठेवते, मी भेटायला आले की किती वेळ बसते, सगळ्यावर नजर. मूलबाळ नाही, त्यामुळे सगळा मारा एकट्या ताईवर. माझं बायकांचे केस कापायचं छोटं पार्लर आहे. भाऊजी त्याला ‘हजामतीचं दुकान’ म्हणतात. मी मनावर घेत नाही. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, तो राग असेल.

ताईच्या अंगणाला एका बाजूने बुटकी भिंत होती आणि भिंतीपलीकडे पाववाले राहायचे. पुढे रस्त्याला त्यांची बेकरी, मागे लाकडावर चालणारी भट्टी, आणि भट्टीशेजारी कपडे वाळत घालायची मोकळी जागा. पाववाले म्हणजे भला दांडगा माणूस, हात कायम कोपरापर्यंत पिठाने पांढरे. बोलायला तसा कमी. ती कसर त्यांची बायको भरून काढायची. ती हसली की दोरीवरचे कावळे उडायचे. सकाळी ती ओले कपडे घेऊन भिंतीपाशी यायची, ताई पुदिन्याच्या वाफ्याला पाणी घालायला यायची, आणि दोघींचं सुरू व्हायचं. विषय काय, तर काहीच नाही. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाच्या घरचा पंखा मध्येच बंद पडतो ते. पण हसायच्या मात्र पोट धरधरून.

भाऊजींना हे सोसेना. एकदा माझ्यादेखतच त्यांनी ताईला विचारलं, ‘‘एवढं काय हसण्यासारखं होतं?’’

‘‘काही नाही हो. असंच.’’

‘‘असंच कुणी हसत नसतं. माझ्यावर हसत होतात का?’’

ताईने नाही म्हटलं. मला पक्कं ठाऊक आहे, त्यांच्यावरच हसत होत्या.

आठवडाभरात दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून मोरपंखीची रोपं उतरली. मोरपंखी कुणी पाहिली नाही असं नाही. दवाखान्यांच्या आवारात असते, शाळांच्या फाटकांशी असते. चपट्या पंख्यांसारखी पानं, बाराही महिने हिरवी, ना फूल ना फळ. रोपं काळ्या पिशव्यांत होती, जेमतेम गुडघ्याएवढी. भाऊजींनी भिंतीच्या कडेने चर खणून घेतला, दोन खुंट्यांना दोरी ताणली आणि टेप घेऊन स्वतः ओणवे झाले. एक रोप रेषेच्या बोटभर बाहेर गेलं म्हणून उपटून परत लावायला लावलं. खणणारा माणूस माझ्याकडे बघून नुसता भुवई उडवत होता.

‘‘भिंत आहे की भाऊजी,’’ मी म्हटलं. ‘‘वर हे कशाला?’’

‘‘भिंतीवरून कुणीही डोकावतं. हे दाट झालं की आपली बाग आपल्यापुरती. सभ्य वस्तीत असंच असतं.’’

‘‘आणि माझा पुदिना?’’ ताई म्हणाली. चर नेमका तिच्या वाफ्यातून गेला होता.

‘‘पुदिना बाजारात मिळतो.’’

ताई काही बोलली नाही. ती बोलत नाही, हाच तिचा मोठा दोष, असं मी तिला तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं आणि आजही सांगते.

मोरपंखी आपण वाढवली असं भाऊजी जगाला सांगतात. पाणी घातलं ताईने. नळाची रबरी नळी शेवटच्या रोपांपर्यंत पोचायची नाही, म्हणून उन्हाळाभर बादल्या वाहिल्या ताईने. शेणखत घातलं तिने, पानांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक जाळी धरली तेव्हा फांदी फांदी धुऊन काढली तिने. दोन रोपं पहिल्याच वर्षी माना टाकायला लागली होती, त्यांच्या मुळाशी ओलं गोणपाट गुंडाळून त्यांनाही तिने जगवलं. भाऊजी रविवारी यायचे, न्याहारी करून, हातात लांब दांड्यांची कात्री आणि गवंड्याचा दोरीला वजन टांगलेला ओळंबा घेऊन. हो, ओळंबा! झाडाला ओळंबा लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वरपासून खालपर्यंत एका रेषेत, जरा पुसटसं पोट सुटलेलं दिसलं की कच्च.

आता माझाही हात कात्रीचाच आहे, त्यामुळे मला नुसतं बघून कळत होतं की हे काही खरं नाही. वरचा पसारा खालच्या फांद्यांवर सावली धरून बसला. त्यांना ऊन मिळेना. बाहेरून बघणाऱ्याला हिरवीगार तटबंदी दिसायची, पण हाताने पंखे बाजूला केले की आत सगळी तपकिरी काटकी आणि कोळिष्टकं. वरवर ताठ, आतून वाळलेलं. भाऊजींना शोभेल अशीच झाली होती मोरपंखी.

ती कमरेएवढी झाली तोवर दोघी बायका बोलत होत्या. खांद्याएवढी झाली तशा टाचा उंच करून बोलायला लागल्या. डोक्याच्या वर गेली तेव्हा पाववाल्या वहिनी पलीकडून ओरडायच्या, ‘‘वहिनी, आहात का?’’ आणि ताई अलीकडून ‘‘आहे, आहे’’ म्हणायची. पण भाऊजी नेमके त्या वेळी खुर्ची टाकून तिथे पेपर वाचत बसायला लागले. तिसरं माणूस कान देऊन बसलेलं असताना कोण काय बोलणार? हळूहळू पलीकडून हाक येईनाशी झाली.

स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला. तिथे भरदिवसा अंधार व्हायला लागला. ताईने दिवा लावायला सुरुवात केली तर भाऊजी म्हणाले, ‘‘दुपारी दिवा? विजेचं काही भान आहे का?’’ म्हणजे उजेड अडवायचा यांनी, आणि भान ठेवायचं तिने. पुढे त्यांनी फाटकही बदललं. पत्र्याचं, उंच, वर टोकदार सळया. कुलूप आतून, किल्ली भाऊजींच्या खिशात. ताई बाहेरून आली की घंटा वाजवायची, मग साहेब सावकाश यायचे, फटीतून डोळा लावायचे आणि लग्नाची बायको आहे याची खात्री करून दार उघडायचे.

या सगळ्याला मान्यता मिळाली ती बागप्रेमी मंडळाकडून. गावातले काही रिटायर्ड लोक दरवर्षी एकमेकांच्या बागा बघतात आणि एकमेकांना बक्षिसं देतात, त्याला हे नाव. भाऊजी सभासद झाले आणि पहिल्याच सभेत म्हणाले की इथल्या बहुतेकांच्या गुलाबांना शिस्त नाही. साहजिकच त्यांना दरवर्षी उत्तेजनार्थ मिळायचं. ती प्रमाणपत्रं ते कपाटात पालथी घालून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी आणखी चेवाने कात्री चालवायचे.

तो प्रसंग घडला तेव्हा दुसऱ्या दिवशी परीक्षक यायचे होते. ताईने दाढ दुखतेय अशी थाप मारली आणि माझ्या पार्लरमध्ये आली. दाढबीढ काही नव्हतं. तिला चार माणसांत बसावंसं वाटत होतं. मी तिला खुर्चीत बसवलं, केस धुतले, आणि ती आरशात स्वतःकडे बघत म्हणाली, ‘‘अगं, इथे किती उजेड आहे!’’ मी नुसती कंगवा फिरवत राहिले.

तिकडे काय झालं ते मला पाववाल्या वहिनींनी सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं, आणि दर वेळी भाऊजींचा आवाज काढून सांगितलं.

ताई बाहेर पडल्यावर भाऊजींनी फाटकाला कुलूप घातलं आणि घडीची शिडी काढली. मोरपंखीचा माथा त्यांना एका रेषेत हवा होता. भर दुपारचं ऊन, डोक्यावर टोपी, हातात ती लांब कात्री. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहून ते पलीकडच्या टोकापर्यंत वाकले असणार, कारण शिडी एकीकडे गेली आणि ते दुसरीकडे. खुब्याचं हाड मोडलं. कात्रीचं एक पातं मांडीत घुसलं.

वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांना आधी धप्प आवाज आला, मग कण्हणं.

‘‘कोण आहे? साहेब, तुम्ही आहात का?’’

मग आतून आवाज आला, ‘‘काही नाही. तुम्ही तुमचं काम करा.’’

‘‘पडलात का तुम्ही?’’

‘‘बसलोय.’’

‘‘बसलेला माणूस असा कण्हतो होय! वहिनींना हाक मारा.’’

‘‘ती बाहेर गेलीय.’’ आणि मग बऱ्याच वेळाने, अगदी बारीक आवाजात, ‘‘रक्त थांबत नाहीये.’’

वहिनींनी नवऱ्याला हाक मारली. ती हाक मुख्य रस्त्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात. पाववाले पिठाच्या हातांनी पळत आले, आधी फाटकाकडे गेले. पत्र्याला धरायला जागा नाही, वर सळया. त्यांच्या अंगाचा माणूस तिथून चढला असता तर आत दोघं जखमी झाले असते. ते परत मागे आले आणि भट्टीची लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली.

पहिला घाव बसला तशी भाऊजींना पलीकडे एकदम ताकद आली.

‘‘काय करताय? झाडाला हात लावू नका!’’

‘‘साहेब, फाटकाला कुलूप आहे,’’ पाववाले म्हणाले.

‘‘मग थांबा! ती येईल थोड्या वेळाने.’’

‘‘तोवर तुम्ही राहाल का?’’ वहिनी ओरडल्या.

‘‘उद्या परीक्षक यायचेत! मी सांगतोय, थांबा. मी तक्रार करीन!’’

‘‘करा,’’ पाववाले म्हणाले आणि पुन्हा घाव घातला. वहिनी सांगतात की त्यांच्या नवऱ्याने आयुष्यात एवढं चोख उत्तर पहिल्यांदाच दिलं.

दोन झाडं बुंध्यापासून गेली. पाववाले बुटकी भिंत ओलांडून आत शिरले तेव्हा भाऊजींचा चेहरा पिठासारखा झालेला, मांडीखाली माती लाल, आणि हाताची बोटं तुटक्या फांदीवर फिरत होती. वहिनींनी दोरीवरची स्वच्छ चादर फाडून मांडी करकचून बांधली. मग पाववाल्यांनी त्यांना एखाद्या पोत्यासारखं उचललं, भगदाडातून बाहेर काढलं, पाव पोचवायच्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

आम्ही दोघी आलो तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. ताईने घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, उशीर झाला म्हणून ते मुद्दाम उघडत नाहीत असं तिला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या दारातून वहिनी आल्या. बाह्यांवर रक्त, केस मोकळे सुटलेले.

‘‘वहिनी, घाबरू नका. जिवंत आहेत, दवाखान्यात आहेत. आधी त्यांचे कपडे घ्या. इकडून या.’’

आणि माझी ताई स्वतःच्या घरात शेजाऱ्यांच्या अंगणातून, कपड्यांच्या दोरीखालून, त्या भगदाडातून शिरली. मी तिच्या मागे. हिरव्या पानांचा ठेचलेला वास सगळीकडे पसरला होता. आत गेल्यावर ताई एकदम थांबली. मला वाटलं रक्त बघून थांबली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होती. ओट्यावर उन्हाचा एक मोठा पट्टा पडला होता, आणि त्यात डब्यांच्या झाकणांवरची धूळसुद्धा स्पष्ट दिसत होती.

‘‘किती घाण झालीय,’’ ती म्हणाली, आणि नवऱ्याचे कपडे शोधायला आत गेली.

दवाखान्यात भाऊजी शुद्धीवर आले ते तक्रार करतच. ‘‘दोन झाडं! माथ्याला एका रेषेत आलेली! नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, मोरपंखी जुन्या लाकडातून परत फुटत नाही. गेलं ते गेलं. मी त्याला कोर्टात खेचीन.’’ समोर स्टुलावर पाववाले बसले होते. त्यांच्या सदऱ्यावर भाऊजींचंच रक्त वाळलेलं होतं. ते उठले, ‘‘बरं साहेब, भट्टी बघायला हवी,’’ म्हणाले आणि गेले. त्यांच्या जागी मी असते तर माणसाला परत नेऊन शिडीखाली ठेवून आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दवाखान्यात होती आणि मी घरी टॉवेल आणायला आले होते. किल्ली आता आमच्याकडे होती, फाटक उघडंच ठेवलं होतं. परीक्षक थेट आत आले. एक मंडळाचे अध्यक्ष, उन्हाची टोपी आणि काठी घेतलेले, आणि दुसरे चित्रकलेचे रिटायर्ड सर. मी सांगणार होते की असं असं झालंय, आज काही बघू नका. पण सर त्या भगदाडासमोर जाऊन उभे राहिले होते, आणि त्यांनी मान एका बाजूला कलती केली होती. माझ्या पार्लरमध्ये नको तितके केस कापले गेले की बायका आरशासमोर अशीच मान करतात.

‘‘बघा,’’ सर अध्यक्षांना म्हणाले. ‘‘एवढी वर्षं ही नुसती भिंत होती. बंद. आणि आता हे!’’

‘‘खरंच,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘कमान आहे का ही?’’

‘‘कमान नाही, कमान नाही. कमान म्हटलं की आखीव आलं. हा मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला अवकाश आहे. हिरव्यातून तपकिरी, तपकिरीतून उजेड. आणि पलीकडे काय दिसतं? दोरीवरचे कपडे. रोजचं जगणं! इतकं धाडस मला यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.’’

‘‘मलाही नाही,’’ मी म्हटलं.

‘‘साहेब कुठे आहेत?’’

‘‘विश्रांती घेतायत.’’

‘‘घ्यायलाच हवी,’’ सर म्हणाले. ‘‘अशा कामानंतर माणूस थकतो.’’

ते गेल्यावर मी तिथेच खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मातीवर तो काळपट डाग तसाच होता. त्याच्यावर पाय देऊन गेले दोघं.

पहिलं बक्षीस जाहीर झाल्याचा फोन आला तेव्हा भाऊजींच्या पायाला वजन बांधून ते टांगून ठेवलेलं होतं. फोन ताईच्या कानाशी होता. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर असे काही भाव आले की भाऊजी घाबरले. मग तिने सांगितलं. भाऊजी छताकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काय तोललं जात होतं ते मला बाहेरून दिसत होतं. एका पारड्यात दोन मोरपंखी, दुसऱ्यात पहिलं बक्षीस.

‘‘अवकाश म्हणाले का ते?’’ त्यांनी विचारलं.

‘‘असंच काहीतरी म्हणाले,’’ मी म्हटलं.

‘‘हं.’’ त्यांनी पोटावरची चादर सारखी केली. ‘‘नाहीतरी माझ्या मनात होतंच, त्या बाजूला थोडं मोकळं करावं.’’

ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे बघितलं.

त्यानंतर कोर्टाचं नाव निघालं नाही. दोन दिवसांनी त्यांना बघायला जुन्या ऑफिसातला कुणी आला, तर त्याला सांगत होते, ‘‘नुसतं दाट वाढवणं सोपं असतं. कुठे थांबायचं ते कळावं लागतं.’’ आठवड्याच्या शेवटी तर नर्सबाईंना हातवारे करून समजावत होते की भगदाडाची रुंदी त्यांनी माणसाच्या खांद्याच्या मापाने ठरवली. एका अर्थी खरंच होतं ते. पाववाल्यांच्या खांद्याच्या मापाची होती.

मी ताईला म्हटलं, ‘‘तू ऐकून घेतेस कसं?’’

‘‘दुखणं आहे त्यांचं,’’ ती म्हणाली.

बक्षीस समारंभाला भाऊजी जाऊ शकत नव्हते. त्यांनी ताईला पाठवलं, आणि निघण्याआधी तिला उशाशी बसवून दोन वाक्यं पाठ करून घेतली. ‘माझ्या पतींच्या वतीने मी मंडळाची आभारी आहे. या रचनेमागे त्यांचं अनेक वर्षांचं चिंतन आहे.’ ताईने शाळेतल्या मुलीसारखी ती म्हणून दाखवली. भाऊजींनी ‘चिंतन’ शब्दावर जोर द्यायला सांगितलं.

सभागृह म्हणजे वाचनालयाचा वरचा मजला. पंखे, लोखंडी खुर्च्या, पुढच्या रांगेत मंडळाची माणसं. मी मागे बसले होते, आणि माझ्या शेजारी पाववाल्या वहिनी. त्यांना ताईनेच बोलावलं होतं. चित्रकलेचे सर आधी बराच वेळ अवकाशावर बोलले. मग ताईचं बोलावणं आलं. तिने बक्षिसाची ढाल घेतली, नमस्कार केला. अध्यक्ष माइक तिच्याकडे वळवून म्हणाले, ‘‘दोन शब्द.’’

‘‘माझ्या पतींच्या वतीने मी मंडळाची आभारी आहे,’’ ताई म्हणाली. आवाज बारीक होता. मग ती थांबली. इतकी थांबली की मला वाटलं विसरली.

‘‘हे शिडीवरून पडले होते,’’ ती म्हणाली. ‘‘मांडीत कात्री घुसली होती. फाटकाला कुलूप होतं. शेजारचे पाववाले कुऱ्हाडीने झाडं तोडून आत आले आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. म्हणून तिथे भोक आहे. मागे त्यांच्या मिसेस बसल्या आहेत, त्यांनी चादर फाडून रक्त थांबवलं. मला त्यांचे आभार मानायचे होते, राहूनच गेले होते. आणि पाणी मी घालते झाडांना.’’

चित्रकलेच्या सरांनी मान कलती केली, पण या वेळी त्यांना काही दिसलं नसावं. मग कुणीतरी मागून टाळी वाजवली. ती मीच होते, हे सांगायला मला काही लाज नाही. नंतर सगळ्यांनीच वाजवल्या. अध्यक्ष खाली उतरताना सरांना म्हणाले, ‘‘तरी कलात्मक आहेच.’’ त्या लोकांचं काही करता येत नाही.

बातमी ताईच्या आधी दवाखान्यात पोचली होती. आम्ही खोलीत शिरलो तर भाऊजींचा चेहरा लालबुंद.

‘‘चार लोकांत मला उघडं पाडलंस!’’

ताईने ढाल खिडकीत ठेवली. ‘‘पडला होतात तुम्ही आधीच,’’ ती म्हणाली. ‘‘उचललं कुणी, तेवढंच मी सांगितलं.’’

मी इतकी वर्षं माझ्या बहिणीचे केस विंचरतेय, पण असं वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भाऊजींनीही नसावं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. ताई म्हणाली, बरं वाटतंय, जरा कानाला आराम.

घरी आल्यावर त्यांना काठीशिवाय चालता येईना. शिडीचा तर प्रश्नच नाही. मोरपंखी बेफाम वाढायला लागली, माथ्यावर चहूकडे शेंड्या. मी ताईला म्हटलं, उपटून टाक सगळी, कटकट नको. ती माझ्यावर खेकसली.

‘‘उपटून टाक म्हणे! बादल्या तू वाहिल्या होत्यास?’’

तिने माणूस बोलावून मोरपंखीची उंची खिडकीत उजेड येईल इतपत खाली आणून घेतली आणि मग ताबा स्वतःकडे घेतला. आता दर महिन्याला ती कापणी करते. खालून रुंद, वर निमुळती, ओळंबा नाही. तरी हौस कमी नाही हो! परवा मी मदतीला गेले तर मलाच ओरडली की तुझा हात तिरका जातोय. मला! अर्ध्या गावाचे केस कापणारीला! एवढ्या वर्षांच्या सहवासात काही ना काही अंगाला लागतंच, दुसरं काय.

भाऊजी व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले असतात. ते सुधारले वगैरे असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. पाववाल्यांशी अजून ‘हं’च्या पुढे बोलत नाहीत. पाहुणा नवीन असला आणि ताई आत असली की अजूनही अवकाश बाहेर निघतो. त्या दिवशी काठीने दाखवत ताईला म्हणाले, ‘‘डावीकडे उंच राहिलंय.’’

‘‘दिसतंय मला,’’ ताई शिडीवरून म्हणाली.

‘‘मग काप की.’’

‘‘राहू दे.’’

ती खाली उतरली. शिडी पाववाल्यांची होती, आमची भाऊजी पडले तेव्हाच मोडली होती. ती खांद्यावर घेऊन ताई भगदाडातून पलीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. भाऊजींनी मान उंच करून बघितलं, घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

‘‘चहाचं काय?’’ ते म्हणाले.

‘‘दूध ओट्यावर आहे,’’ मी म्हटलं आणि पार्लर उघडायला निघाले.